आईच्या अंगावरचा गंधक

नरकाची मला लहानपणी कधी भीती वाटली नाही. याचं श्रेय माझ्या श्रद्धेला नाही, गंधकाला आहे. चर्चच्या रविवारच्या शाळेत बाई सांगायच्या की पापी माणसांसाठी देवाने अग्नीचं आणि गंधकाचं एक तळं तयार ठेवलं आहे. बाकीची मुलं डोळे मोठे करून ऐकायची, आणि मला मात्र गंधक म्हटलं की आई आठवायची. माझ्या मामाची द्राक्षबाग मखमलाबादच्या रस्त्याला होती. थंडीत वेलींवर भुरी पडते, म्हणजे पानांवर आणि मण्यांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढरी बुरशी येते, आणि त्यावर गंधकाची पूड मारायची हा तेव्हाचा ठरलेला इलाज होता. दंव असताना पानाला पूड चांगली धरते, म्हणून आई उजाडायच्या सुमारास बागेत पोचायची. जुन्या धोतराच्या विरळ कापडात पूड बांधून ती पुरचुंडी काठीला लटकवायची, आणि वेलींवर झटकत ओळीने पुढे सरकत राहायचं. उन्हं वर आली की ती घरी यायची तेव्हा तिच्या भुवया, पापण्या, कानामागची जागा, लुगड्याच्या निऱ्या, सगळं पिवळं असायचं आणि डोळे लाल. काडी ओढल्यावर येतो त्याच्या जवळपासचा तो वास मागच्या दारातून आत आला की आम्ही समजायचो, आई आली, आता भाकरी मिळणार.

आईचा एक नियम होता. बागेतून आली की ती आधी मागच्या मोरीत जायची, डोक्यावरून अंघोळ करायची, लुगडं बदलायची आणि मगच चुलीपाशी बसायची. “गंधकाच्या हातानं भाकर थापली का दिसभर त्येच ढेकर येत्यात,” असं ती म्हणायची. अंघोळीचं पाणी मोरीतून पिवळं होऊन वाहत जायचं, आणि माझी धाकटी बहीण रूथ त्यात कागदाच्या होड्या सोडायची. चर्चच्या पाळकांच्या पत्नी, आमच्या पाळकबाई, वस्तीतल्या मुलांना खरूज झाली की खोबरेल तेलात गंधक कालवून चोळायच्या. सांगायचं एवढंच की आमच्या घरात हा पदार्थ हळदीइतकाच रुळलेला होता.

आम्ही राहायचो ती ख्रिस्ती वस्ती तेव्हा नाशिक शहराच्या कडेला होती. कौलारू घरं, मध्ये चर्च, चर्चच्या मागे शाळा आणि शाळेमागे पाण्याचा मोठा हौद. बाबा ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर होते. सकाळी त्यांच्या बसचा हॉर्न वाजला की आमचा दिवस सुरू व्हायचा. ते अतिशय कमी बोलायचे. चर्चच्या पंचमंडळात ते होते तेही बहुधा याच कारणाने, कारण तिथे बोलणारे भरपूर होते आणि ऐकणारा एखादा हवा होता. आई हिंदू शेतकऱ्याच्या घरातली. बाबांशी तिने लग्न केलं तेव्हा तिच्या माहेराने काही वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही, आणि वस्तीनेही तिला फार प्रेमाने पाहिलं अशातला भाग नाही. पुढे मामाचा राग निवळला आणि बाग लावल्यावर त्याने स्वतःच तिला बोलावून घेतलं. तिने बाप्तिस्मा मात्र घेतला नव्हता. बाबांनी कधी विषय काढला नाही आणि आमच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनीही काढला नाही. रविवारी ती आमच्याबरोबर चर्चला यायची, मागच्या सतरंजीवर बसायची, भजनं सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायची, आणि प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायची, वेळ झाली की आपण होऊन उठून बाहेर जायची. ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याला ती भाकर घेता येत नाही. मग वस्तीतल्या बायका आपापली तान्ही मुलं तिच्या मांडीवर ठेवून निश्चिंतपणे आत जायच्या. आत पापांची क्षमा चाललेली असे आणि बाहेर आमची आई सगळ्यांची पोरं आणि चपला सांभाळत पायरीवर बसलेली असे.

हे असं नीट चाललं होतं. त्यात त्या वर्षी नाताळानंतर उज्जीवन सभा भरवायची टूम पंचमंडळातल्या कुणाच्या तरी डोक्यात आली. मंडळी थंड पडली आहे, तिच्यात आग पेटली पाहिजे, असं ठरलं आणि बाहेरगावाहून एका सुवार्तिकाला, म्हणजे फिरत्या धर्मप्रचारकाला, बोलावणं गेलं. सगळे त्यांना ब्रदर म्हणायचे, मीही तेवढंच म्हणते. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं असतील आणि त्यांचा काय दोष. ब्रदर उंचेपुरे, गोरेपान, केसांना भरपूर तेल, पांढरी सफारी, हातात चामड्याची बॅग. चर्चच्या आवारात मांडव पडला, ट्यूबलाइटी लागल्या, पेटी-तबला आला, चारी दिशांना तोंडं करून भोंगे बांधले. मंडळी थंड पडली होती हे खरं, पण ते दिवसच थंडीचे होते आणि घोंगडी पांघरून सगळे मांडवात येऊन बसले.

ब्रदरांच्या बॅगेबरोबर एक लांब पत्र्याची नळी असायची. तिच्यात त्यांचा नरकाचा तक्ता गुंडाळलेला होता. मेणकापडावर रंगवलेला तो तक्ता दोन खुंट्यांना टांगला की मांडवाची पुढची बाजू भरून जायची. वरच्या कोपऱ्यात पंचपाळं ठेवावं एवढ्याशा जागेत स्वर्ग होता, आणि त्यात चारपाच माणसं होती, तीही गोरी. बाकीचा सगळा तक्ता नरकाला दिलेला. तांबड्या-पिवळ्या ज्वाळा, त्यांत बुडालेली माणसं, वर केलेले हात. स्वर्गात काय करायचं असतं हे रंगवणाऱ्याला सुचलं नसावं, पण नरकाच्या बाबतीत त्याच्या कल्पनेला काही कमी नव्हतं. नरकातल्या बायका मला सगळ्या ओळखीच्या वाटल्या. लुगडी नेसलेल्या, कपाळावर कुंकू असलेल्या, हातांत बांगड्या भरलेल्या. ब्रदर छडी घेऊन एकेका ज्वाळेवर टेकवायचे आणि सांगायचे की ही आग जाळते पण जाळून संपवत नाही, कारण तिच्यात गंधक आहे, आणि गंधक आगीला विझू देत नाही. मग आवाज खाली आणून मुलांकडे वळायचे. “मुलांनो, चुलीतल्या निखाऱ्याला कधी बोट लागलंय? किती वेळ दुखलं? तिथं ते कधीच थांबत नाही. आणि लक्षात ठेवा, ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, तो कुणीही असो, तुमचा बाप असो, तुमची आई असो, त्याची जागा तिथं ठरलेली आहे.” मुलं अगदी पुढे ताडपत्रीवर बसलेली असायची. रूथ त्यांच्यात होती. सात वर्षांची, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले.

इथे थोडं थांबून या आगीबद्दल आणि गंधकाबद्दल सांगते, कारण पुढे आयुष्यभर शाळेत शिकवताना मी यावर मिळेल ते वाचलं आहे. कॉलेजात असताना एकदा मी आमच्या पाळकसाहेबांना सरळ विचारलं होतं की देवाला गंधकाची एवढी काय आवड. ते हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “अगं, त्या मुलखात जमिनीतून गंधक वर येतो. दोन शहरं आभाळातून पडलेल्या आगीने जळाली, अशी फार जुनी आठवण लोकांत होती. आणि यरुशलेमच्या भिंतीबाहेर एक दरी होती, तिथे म्हणे शहराचा उकिरडा सतत धुमसत असायचा. ज्याने जे पाहिलं त्याने त्याचं चित्र केलं. देवापासून तुटणं किती वाईट असतं हे सांगायला माणूस शब्द कुठून आणणार?” मला ते पटलं. ज्यांनी हे चित्र पहिल्यांदा काढलं त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती छळ सोसणारी माणसं होती. आपल्याला चिरडणाऱ्या राजांचं कधीतरी वाटोळं होईल एवढ्या आशेवर ती जगत होती, आणि ते तळं त्यांनी त्या राजांसाठी खणलं होतं. माझी तक्रार आहे ती हे तळं खणणाऱ्यांच्या नंतर येऊन काठावर दुकान मांडणाऱ्यांबद्दल. राजे केव्हाच मेले, आणि यांनी त्या रिकाम्या तळ्यात चपला राखणाऱ्या माझ्या आईला नेऊन बसवलं. आजही हे दुकान बंद झालेलं नाही. माझा एक भाचा रोज सकाळी मोबाइलवर नरकाचे व्हिडिओ पाठवतो. त्यांतल्या ज्वाळा कॉम्प्युटरवर केलेल्या असतात, बोलणाऱ्याचं तेल लावलेलं डोकं मात्र तेच. मी त्याला उत्तरादाखल द्राक्षांचे फोटो पाठवते.

सभा चालू असेपर्यंत ब्रदरांच्या जेवणाची पाळी घराघरांत लावलेली होती. हा आमच्याकडचा रिवाज. वस्तीत कुणीही सुवार्तिक आला की एकेका घराने एकेक दिवस त्याला जेवू घालायचं, आणि कुणाच्या घरी काय केलं होतं हे दुसऱ्या दिवशी नळावर कळायचं. ब्रदर सगळीकडे कोंबडीच खातात हे पहिल्याच दिवशी कळलं. तंगडी त्यांना लागते हे दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सुलोचनामावशींनी काळ्या मसाल्याचा आपला नेहमीचा रस्सा केला, तर ब्रदरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक गळायला लागलं, आणि त्यांनी ताटातला भात दह्यात कालवून मागितला. मांडवात जो माणूस कायमच्या आगीचं वर्णन न थकता करत होता, त्याला नाशिकची मिरची सोसवली नाही. मावशी हे सांगताना पदर तोंडाला लावून हसत होत्या. आम्हीही हसलो. त्या दिवसांत आम्ही बऱ्याच गोष्टींवर हसलो, त्यांतल्या काही हसण्यासारख्या नव्हत्या.

पहिल्यांदा घरातली काडेपेटी हरवली. नवी आणली, तीही हरवली. मग एक दिवस आई भाकरी टाकायला बसली तर चुलीत पाणीच पाणी, राखेचा चिखल झालेला. मांजराने तांब्या पाडला असेल म्हणून आईने दुसरी लाकडं रचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी रूथला पकडलं. तिच्या दप्तरात दोन्ही काडेपेट्या सापडल्या. विचारलं तर ओठ घट्ट मिटून बसली. बाबा म्हणाले, “खेळते आहे, खेळू दे.” पण ती खेळत नव्हती. आई बागेतून आली की रूथ दारातच तिला अडवायची आणि मोरीकडे ढकलायची. अंघोळ झाली की जवळ जाऊन तिचे केस, तिची मान हुंगायची आणि म्हणायची, “अजून येतोय वास, परत धू.” आई बिचारी हसत परत डोक्यावर पाणी घ्यायची. हळूहळू रूथने जेवण सोडलं. नाताळचा फराळ डब्यात उरलेला होता, करंजी म्हणजे तिचा जीव की प्राण, तीही तिने हातात धरून तशीच ठेवून दिली. झोपेत दचकून उठायची आणि अंथरुणात आईला चाचपून पाहायची.

तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते आम्हाला नंतर कळलं, पण इथेच सांगते. मला आईच्या अंगावरच्या गंधकामुळे नरक आपल्या घरातला वाटला आणि त्याची भीती गेली. रूथने तोच हिशेब उलटा केला. नरकात आग असते आणि गंधक असतो. आईचा बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा तिची जागा ठरलेली आहे. आणि गंधक तर तिच्या अंगावर आत्ताच येऊन बसलाय, रोज बसतो. म्हणजे देवाने अर्धं काम केलेलं आहे, आता फक्त आग लागायची राहिली आहे. द्राक्षं पिकवणाऱ्या घरातल्या ख्रिस्ती मुलीलाच असा विचार सुचू शकतो. त्यात चूक शोधायला गेलं तर सापडणार नाही, ब्रदरांच्या प्रवचनात जेवढी सापडते तेवढीसुद्धा.

एवढं मात्र तिने आईला सांगितलं होतं, की तू बाप्तिस्मा घे. रोज सांगत होती. सकाळी सांगायची, शाळेतून आली की सांगायची. शेवटी एका संध्याकाळी आईने बाबांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाली, “त्या ब्रदरला सांगा, मी घेते बाप्तिस्मा.”

बाबांनी कप उचलला नाही. “हिरा, मी तुला कधी म्हटलं नाही. आताही म्हणत नाही. मनात असेल तरच घे.”

“मनाचं कोन इचारू राहिलं? पोर जेवत नाय, झोपत नाय. मला पान्यात बुडवून तिला झोप येनार असंल तर बुडते मी.”

बाबा गप्प बसले. मला वाटतं, आयुष्यात त्यांना सर्वांत जड गेलेलं गप्प बसणं ते असावं. ब्रदरांना निरोप गेला आणि त्यांचा आनंद गगनात मावेना. त्या संध्याकाळच्या सभेत त्यांनी भोंग्यांवरून जाहीर केलं की अंधारातली एक भगिनी येत्या रविवारी प्रकाशात येते आहे. आई मागच्या सतरंजीवर बसली होती, सगळी मंडळी मान वळवून तिच्याकडे बघायला लागली आणि तिने मांडीवरच्या कुणाच्या तरी मुलाचं नाक पुसायला घेतलं. पाळकसाहेबांसारखं वाटीतलं पाणी कपाळाला लावून ब्रदरांचं भागत नव्हतं. त्यांना माणूस अख्खा बुडवायला लागायचा, म्हणून शाळेमागचा हौद घासायला मुलं लावली. आईसाठी त्यांनी नवं नावही काढून ठेवलं होतं, मरिया. आई एवढंच म्हणाली, “हिरा काय वाईट हाय?” त्यावर ब्रदरांनी मंद हसून डोळे मिटले. मनुष्याच्या अज्ञानाची कीव आली की ते असे डोळे मिटायचे.

आमच्या घराची जेवणाची पाळी शनिवारी होती, बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी. बाबांनी सुट्टी घेऊन कोंबडी आणली. मी पाट्यावर कांदा-खोबरं वाटत होते. आई म्हणाली होती की आज बागेत जात नाही, पण सकाळीच मामाचा गडी सायकलवर आला, भुरी वाढली होती आणि धुरळणीला माणूस कमी होतं. आई गेली. परत यायला तिला उशीर झाला, आणि ब्रदर सांगितल्या वेळेच्या बरेच आधी येऊन ओसरीवर टेकले. भूक लागली असावी. आईने मागच्या दाराने येऊन पाहिलं, बाहेर पाहुणा खोळंबलेला, आत चुलीवर रश्श्याचं पातेलं आधण येऊन उकळत होतं आणि त्यात मसाला पडायचा होता. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने नियम मोडला. मोरीत नुसते हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि तशीच, डोक्यापासून पिवळी, चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ फुलवायला लागली.

रूथ शेजारच्या अंगणात होती. ती आत आली आणि दारात उभी राहिली. मी पाट्यावरून मान वर केली तेव्हा तिचा चेहरा मला दिसला, पण मी काही म्हणायच्या आत ती मोरीत गेली आणि पाण्याने भरलेली बादली दोन्ही हातांनी ओढत घेऊन आली. तिने ती चुलीत रिकामी केली. राखेचा लोट उठला, वाफ उठली, आई मागे सरकली. जाळ पूर्ण विझला नव्हता. रूथने आईचा पदर धरून तिला चुलीपासून ओढायला सुरुवात केली, तिचा पाय ओल्या जमिनीवर घसरला, आधारासाठी टाकलेला तिचा हात पातेल्याला लागला आणि उकळता रस्सा तिच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत सांडला.

तिचं ओरडणं मी इथे लिहिणार नाही. आईने तिचा हात माठात बुडवला. बाबा धावत आत आले, रूथला उचललं आणि अनवाणीच रिक्षा आणायला रस्त्याकडे पळाले. ब्रदर ओसरीवरून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले, राखेने भरलेली जमीन पाहून उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले, आणि उजवा हात वर करून मोठ्याने प्रार्थना करायला लागले. दार त्यांनी अडवलेलं होतं. आईने त्यांना खांद्याने बाजूला सारलं आणि तीही रिक्षाकडे पळाली.

दवाखान्यात रूथला पडद्यामागे नेलं, बऱ्याच वेळाने बाहेर आणलं आणि खिडकीजवळच्या खाटेवर निजवलं. पूर्ण हाताला पांढरं बँडेज. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात वाचेल, डाग राहील. सुई टोचल्यावर ती जरा शांत झाली आणि तेव्हा आईने विचारलं, “का केलंस गं माय असं?” रूथ म्हणाली, “तुझ्या अंगाला गंधक होता. आणि तू आगीजवळ बसलीस. तू तिथेच पेटली असतीस.” बाबांनी खिडकीच्या गजांवर कपाळ टेकलं. इतक्या दिवसांच्या काडेपेट्या, चुलीतलं पाणी, केस हुंगणं, सगळं एका वाक्यात आमच्यापुढे येऊन उभं राहिलं. मला आजही तो क्षण आठवला की संताप येतो. माझ्या सात वर्षांच्या बहिणीने काय ओझं उचललं होतं. आपली आई जळू नये म्हणून ती एकटी पहारा देत होती, आणि हे काम तिला देणारा माणूस रोज कुणाच्या तरी घरी तंगडी चोखत होता.

दुपार कलताना ब्रदर दवाखान्यात आले. सुलोचनामावशींकडे जेवून आले होते, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, म्हणजे आम्हाला त्यांच्या जेवणाची काळजी नको. त्यांनी खाटेच्या कठड्यावर हात ठेवला, रूथच्या बँडेजकडे पाहिलं आणि मांडवातल्यासारखा आवाज खाली आणला. “बघ बाळ, रश्श्याचं एक पातेलं सांडलं तर एवढं दुखतं. मग त्या तळ्यात कायमचं पडलेल्यांना काय होत असेल?” आणि आईकडे वळून म्हणाले, “सिस्टर, ही सूचना आहे. देव एवढं स्पष्ट फार कमी जणांशी बोलतो. हौद भरून ठेवला आहे. उद्याचा दिवस चुकवू नका.”

रूथने आपल्या हाताकडे पाहिलं. मग आईकडे. “आई, तिथं असंच दुखतं?”

आईने तिच्या बँडेज केलेल्या हाताखाली उशी सरकवली.

“मग तू जाऊ नको ना.”

“नाय जानार.”

“पण तुझ्या अंगावर आहे अजून.”

आईने स्वतःकडे पाहिलं. अंघोळ राहून गेली होती ती राहूनच गेली होती. घामाने पुडीचे ओघळ तिच्या मानेवर सुकले होते, खाटेच्या चादरीवरही पिवळं लागलं होतं. तिने बोटाने आपल्या दंडावरची पूड पुसली आणि रूथला दाखवली. “ह्यो द्राक्षावरची भुरी जावी म्हून मारत्यात. मानसाला जाळायला नाय. मी लय वर्सं अंगावर घेऊ राहिले, जळले का?”

“ब्रदर म्हणतात बाप्तिस्मा नाही घेतला तर तू जाणार.”

खोलीत आम्ही सगळे आईकडे बघत होतो. रविवारचं तिने कबूल केलं होतं, आणि पोरीला झोप यावी एवढ्यासाठीच केलं होतं. आता पोरगीच विचारत होती. आईने पदराने रूथचं कपाळ पुसलं. “नाय घेतला तरी नाय जानार.”

“शप्पथ?”

“तुझी शप्पत.”

आमच्याकडे कुठलीही आई लेकराची शपथ घेऊन खोटं बोलत नाही. हे सगळ्या मुलांना माहीत असतं, ती चर्चला जाणारी असोत की देवळात जाणारी. रूथचा चेहरा सैल पडला. ब्रदर काहीतरी बोलायला गेले, तर बाबांनी त्यांच्या दंडाला धरलं. नुसतं धरलं, पण कारखान्यात पाने फिरवणारा हात होता तो. “चला,” बाबा म्हणाले, “तुमची बॅग घेऊ आणि एसटी स्टँडला जाऊ. उद्याचं प्रवचन पाळकसाहेब करतील.” माझ्या आयुष्यात बाबांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सर्वांत लांब भाषण.

ते दाराकडे वळले तेव्हा रूथ जड डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होती. तिला काळजी वाटत होती. ती म्हणाली, “आई, आणि ब्रदर? ते जाणार का तिथं?”

आईने मान वळवून ब्रदरांकडे पाहिलं. त्यांची पांढरी सफारी, तेल लावलेले केस, बाबांच्या मुठीत अडकलेला दंड. चांगलं निरखून पाहिलं. मग रूथच्या अंगावर चादर ओढली.

“त्येबी नाय,” ती म्हणाली. “कुनीच नाय जायाचं तिथं. झोप आता.”

आणि रूथ झोपली. आईने बाप्तिस्मा घेतला नाही, त्या रविवारी नाही आणि नंतरही नाही, आणि त्या माणसाबद्दल ती कधी वाकडं बोलली नाही. तिने त्याला त्या खाटेपाशी सोडून दिलं ते कायमचंच. माझं मन तेवढं मोठं नाही. नरक नाही हे मला चांगलं माहीत आहे, तरीही त्या दुपारी रूथने तो प्रश्न आईऐवजी मला विचारला असता तर ब्रदरांना कुठे पाठवायचं हे मी तत्काळ सांगितलं असतं, आणि आज विचारलात तरी माझं उत्तर तेच आहे.